शेऱ्याचा रकाना

आमच्याकडे आषाढ अर्धा सरला की माणसं एकमेकांना ‘कसे आहात’ असं विचारायचं सोडतात आणि ‘पाणी किती झालं’ असं विचारू लागतात. भाजीवाली विचारते, जिन्यात भेटलेले डॉक्टर विचारतात. पुण्याहून भाऊ फोन करतो, तोही आधी पंचगंगेची चौकशी करतो आणि मग माझी. उत्तर फूट आणि इंचांत द्यायचं असतं. इंच सांगितले नाहीत तर समोरच्याचं समाधान होत नाही. नदीचं पाणी मोजणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला या प्रश्नाचं कौतुक वाटायला हवं. पण गेली काही वर्षं तो कोणी विचारला की मी थोडी चिडतेच.

आज सकाळी राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत पाऊस असा लागून राहिला होता की क्लासला निघालेल्या मुली दवाखान्याच्या पायरीवर अर्धा तास अडकून पडल्या होत्या. मी गॅलरीतून बघत होते, तेवढ्यात फोनवर तो नेहमीचा संदेश आला. ठिकाण, वेळ, पातळी. पुलाच्या कठड्याला बसवलेलं यंत्र तो दर तासाला पाठवतं. यंत्र आमचंच, म्हणजे विद्यापीठातल्या आमच्या विभागाने आणि नदीची पातळी मोजणाऱ्या सरकारी खात्याने मिळून बसवलेलं. त्या संदेशात चूक नसते आणि पातळीपलीकडे दुसरं काही नसतं. मी आकडा वाचला, फोन पालथा ठेवला आणि एका माणसाचा चहा टाकला.

असा पाऊस लागला की मला तो एक पावसाळा आठवतो. आई त्या वर्षी होळीनंतर गेली होती. तिच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवत असे, कारण बंद केलं तर आत कोणीतरी झोपलंय असं वाटायचं. संध्याकाळी सहाला घरी आलं की सकाळी नऊपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. पहिले काही दिवस शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या, मग त्यांच्याही मुलाची परीक्षा आली. मला वाईट वाटलं नाही. मी कामाला लागले, आणि काम नेमकं त्याच सुमाराला माझ्या घरात येऊन पडलं होतं.

ते काम म्हणजे खात्याच्या जुन्या वह्या. विद्यापीठ आणि खातं एकत्र येऊन नदीचा अभ्यास करणार, असा करार झाला होता, त्याचा फोटोही निघाला होता. फोटोत सगळे हसताना दिसतात. खात्याच्या लोकांना मनातून वाटायचं, या प्राध्यापक मंडळींनी नदी फक्त पडद्यावर पाहिलेली आहे. आम्हाला वाटायचं, यांना मोजता येतं, पण कशासाठी मोजतो हे कोणी विचारलेलं नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. पहिल्या तीन बैठका फूट धरायचे की मीटर यावर गेल्या आणि उप्पीट मात्र दर वेळी एकमताने संपलं. शेवटी असं ठरलं की नदीवरच्या मोजणी केंद्रांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या वह्या संगणकात भरायच्या, नवी यंत्रं बसवायची आणि जुनं-नवं जोडून पुराचा अंदाज आधी बांधता येतो का ते बघायचं. वह्या भरायचं काम माझ्याकडे आलं. घरी कोणी वाट बघणारं नाही, हे आमच्या विभागप्रमुख सरांना माहीत होतं.

वह्या खताच्या पोत्यांतून आल्या. हॉलमध्ये पोती सोडली तेव्हा ओलीचा आणि जुन्या कागदाचा वास घरभर झाला, आणि आईच्या औषधांचा इतके दिवस रेंगाळलेला वास त्याखाली दबून गेला. मला त्याबद्दल पोत्यांचे उपकारच वाटले. प्रत्येक पानावर चार रकाने होते. तारीख, वेळ, पाण्यात रोवलेल्या पट्टीवर दिसलेली पातळी आणि शेरा. बहुतेक केंद्रांच्या वह्यांत शेऱ्याचा रकाना कोरा होता, किंवा वरपासून खालपर्यंत ‘वरीलप्रमाणे’. कुरुंदवाडच्या अलीकडे, पंचगंगा कृष्णेला मिळते त्याच्या जरा वर, एका बंधाऱ्यापाशी जे केंद्र होतं, त्या एका केंद्राच्या वह्यांत मात्र तो रकाना काठोकाठ भरलेला होता. निळी शाई, बारीक अक्षर, ओळ सोडून खाली उतरलेलं. ‘धुकं. पट्टी दिसत नाही, काठीनं पाहिलं.’ ‘कृष्णा पाणी घेईना. आपलं पाणी उलटं फिरलंय.’ ‘ओंडका खांबाला अडकला, पाणी फुगलेलं वाटतं पण तसं नाही.’ आणि एका श्रावणातल्या पानावर, ‘मुलीच्या लेकीचं बारसं. गेलो नाही.’

हे लिहिणारे मल्लाप्पा. सगळे त्यांना मल्लाण्णा म्हणत, पुढे मीही म्हणू लागले. गाव गडहिंग्लजकडचं, बायको वारलेली, मुलगी तिथेच दिलेली. खात्यात मोजणीदार म्हणून लागले ते याच बंधाऱ्यावर, आणि त्याच दिवाळीच्या आसपास निवृत्त होणार होते. यंत्र कुठे बसवायचं ते बघायला म्हणून मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते काठावरच्या खोलीच्या दारात उभे होते. “या पावणं,” म्हणाले, आणि मग बाई आहे हे बघून जरा ओशाळले. उन्हाळ्यात पाणी अडवायला बंधाऱ्यात जे लोखंडी बरगे घालतात, ते पावसाळ्याआधी काढून खोलीशेजारी रचून ठेवलेले होते. त्यावर त्यांचं धुतलेलं धोतर वाळत होतं, म्हणजे वाळण्याची वाट बघत होतं.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. यंत्राचं काम दोन फेऱ्यांत संपलं होतं. मी सरांना सांगत असे की नोंदी कशा घेतात ते समजून घेतेय, आणि ते खोटंही नव्हतं. मल्लाण्णा पातळी वाचायला पायऱ्या उतरत तेव्हा लगेच वाचत नसत. छत्री खांद्यावर टेकवून उभे राहत. लाट पट्टीवर चढायची, उतरायची. अशा पाच-सात लाटा जाऊ दिल्यावर ते म्हणायचे, “आता खरं बोलतंय,” आणि मग आकडा वहीत उतरायचा. घाईने वाचलं तर वाचणाऱ्याला हवं ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मी विद्यापीठात हेच मोठमोठ्या शब्दांत शिकवते.

तिथे फारसं बोलणं होत नसे. दुधाच्या चहासारखं गढूळ पाणी, त्यावरून जाणारी जलपर्णीची बेटं, पलीकडे उसाच्या पानांवरून सरकत येणारी सर. पाऊस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. मल्लाण्णा भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही पुढे करत. “जेवलासा न्हवं?” हा त्यांचा पहिला प्रश्न असे आणि मी हो म्हटलं तरी ताट यायचंच. आईनंतर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एकदा मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं एकट्याने करमतं कसं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले की तासाला एकदा उठावं लागतं, त्यामुळे एकटं वाटायला सलग वेळ मिळत नाही. मी हसले. घरी येताना बसमध्ये मात्र मला हसू आलं नाही, कारण मला सलग वेळ भरपूर मिळत होता.

इकडे वह्या भरायचं काम चालू होतं. आधी मी शेरेही वाचत होते, काही मोठ्याने वाचत होते, घरात आवाज व्हावा म्हणून. पण तक्त्याची जी रचना दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवली होती, तिच्यात तीनच रकाने होते. संगणकाला आकडे हवे होते. अक्षर दिसलं की सगळा तक्ता अडायचा. मी सरांना विचारलं, सरांनी खात्याला विचारलं, आणि एकमताने ठरलं की शेरा सोडून द्यायचा. गणपतीच्या आत काम संपवायचं होतं. मग मी वाचायचंही सोडलं. नजर तिसऱ्या रकान्यावर थांबवायची, पान उलटायचं. इतकं सराईत झालं की हात आपोआप चालायचे. आता वाटतं, मीच त्या दिवसांत एक यंत्र झाले होते आणि मला ते बरं वाटत होतं.

सगळ्या केंद्रांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा एक गोष्ट खटकली. मधल्या काही वर्षांत मल्लाण्णांचं पाणी वरच्या पुलाशीही जुळेना आणि खालच्या घाटाशीही जुळेना. कायम चार बोटं जास्त. त्याआधी ठीक, त्यानंतर ठीक. एका मोठ्या पुरानंतर हे सुरू झालं होतं. मी अहवालात एक वाक्य लिहिलं. या केंद्राच्या या काळातल्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, वाचनाच्या सवयीत दोष असावा, त्या वगळाव्यात. वाक्य लिहून मी जेवायला उठले. त्या वाक्यात मला मल्लाण्णा दिसलेच नव्हते. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण खरंच दिसले नव्हते. दर रविवारी ज्यांच्या हातची भाकरी खात होते ते एक होते, आणि तक्त्यातलं केंद्र दुसरंच काहीतरी होतं.

दिसले नव्हते याचा पुरावा म्हणजे आढावा बैठकीला मीच त्यांना बोलावलं. तुमच्या वह्यांवर एवढं काम झालंय, या की बघायला, असं मी हौसेने सांगितलं. गणपती होऊन गेले होते, पाऊस उघडझाप करत होता. ते इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालून आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्यांचे साहेब अहवाल वाचत वाचत त्या वाक्याशी आले आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. खोलीतल्या दोन-चार माना मागे वळल्या. त्या केंद्रावर इतकी वर्षं एकच माणूस होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले. चिडलेले नव्हते. उलट मलाच काहीतरी लागलं असावं अशा आवाजात त्यांनी विचारलं, “मॅडम, शेरा वाचला न्हाईसा व्हय?”

मी म्हणाले, कुठला. ते म्हणाले, असू दे, आणि कप टेबलावर ठेवून स्टँडकडे गेले. पावसात त्यांनी छत्री उघडलेली मला दिसली नाही.

घरी जाऊन मी पोती पुन्हा सोडली. शोधावं लागलं नाही. त्या पुरानंतरच्या वहीचं पहिलंच पान होतं. ‘पट्टी पुरात वाहून गेली. नवीन पट्टी आज बसवली, चार बोटं खाली बसली आहे. साहेबांना सांगितलं, पत्रही दिलं. दुरुस्ती होईपर्यंत पट्टीवर दिसेल तेच लिहीन. वाचणाऱ्यानं चार बोटं कमी धरावीत.’ पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. ‘वाचणाऱ्यानं चार बोटं कमी धरावीत.’ आणि मग एका वर्षी, ‘आज पट्टी नीट बसवली. आता कमी धरू नये.’ मी जमिनीवर बसून ती सगळी पानं वाचली. वाचणारी मी होते. एवढ्या वर्षांत या वह्या कोणी उघडल्या असतील तर त्या मी. तो माणूस दर पावसाळ्यात मलाच सांगत होता आणि मी पान उलटत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी आईच्या खोलीत जाऊन बसले आणि पहिल्यांदाच ते दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांना पानं दाखवली. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून ती पानं दोनदा वाचली आणि म्हणाले की हे दुरुस्त करायचं तर पट्टी इतकी वर्षं चुकीची का राहिली, हेही लिहावं लागेल. मग पत्र कोणाकडे गेलं, कोणी दाबलं, हे निघेल. दुसऱ्या टप्प्याचा करार सह्यांना गेलाय. इतक्या वर्षांनी दोन्हीकडची माणसं एका टेबलाशी आलीत, आता हे नको. पुढच्या अहवालात घेऊ. खात्यातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं की असं पत्र आमच्या फायलीत दिसत नाही. मी ठीक आहे म्हणाले. माझी कायम नेमणूक दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून होती, हेही इथे लिहून टाकते, नाहीतर सगळं सरांवर ढकलल्यासारखं होईल.

नवरात्र संपल्यावर अहवालाचं प्रकाशन झालं. सभागृह, समई, दोन्हीकडचे अधिकारी, करारावर पुन्हा सह्या. अहवालात ते वाक्य जसंच्या तसं होतं. त्याच कार्यक्रमात निवृत्त होणाऱ्या मोजणीदारांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं, म्हणून मल्लाण्णाही आले होते, तोच सदरा घालून, मागच्या रांगेत. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी सगळ्यांची नावं घेतली. त्यांचंही घेतलं, ‘प्रदीर्घ सेवा’ असं म्हणाले. टाळ्या वाजल्या. ते उभे राहिले, हात जोडले, बसले. माझ्या हातातल्या कागदाखाली त्या वहीच्या पानाची झेरॉक्स होती. ती मी का नेली होती, मला सांगता येणार नाही. मी मूग गिळून आभार पुरे केले आणि सगळ्यांना चहाला थांबायची विनंती केली.

यानंतर मी रविवारी बंधाऱ्यावर गेले नाही. पाऊस संपला, पाणी पात्रात गेलं, बरगे घातले गेले असतील. मल्लाण्णा गावी गेले. त्यांच्या जागी माणूस नेमायची गरज उरली नव्हती, यंत्र होतं. ती खोली मध्ये एकदा पुलावरून जाताना पाहिली. दाराला कुलूप होतं आणि पायऱ्यांवर कोणीतरी म्हशी धूत होतं.

माझी नेमणूक कायम झाली. पुढची चार वर्षं मी संध्याकाळी घरी आल्यावर शेरे संगणकात भरत गेले. सगळ्या केंद्रांचे, ‘वरीलप्रमाणे’सकट. ते काम कोणी सांगितलं नव्हतं. विद्यार्थिनी आता त्यावर अभ्यास करतात, पाणी उलटं कधी फिरलं ते शोधतात, आणि खात्यातले नवे तरुण अधिकारी त्यांना फोन करून विचारतात. दोन्हीकडची माणसं आता बैठकीत खरोखर बोलतात. प्रकल्प चांगला चालला आहे. गेल्या वर्षी मी दुरुस्तीचा एक लेखही छापून आणला. त्या केंद्राच्या नोंदी अचूक होत्या, मोजणीदाराने चूक वेळीच कळवली होती, ती सूचना संगणकात भरताना गाळली गेली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आता कोणाला राग येणार नव्हता. सर निवृत्त झाले होते, ते साहेब बदलून गेले होते.

तो लेख घेऊन मी हिवाळ्यात गडहिंग्लजला गेले. एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत होती, हवेत गुळमट वास होता. मल्लाण्णा मुलीच्या घरी, दारातल्या कट्ट्यावर ऊन घेत बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी मला ओळखलं आणि जेवल्याचं विचारलं. मी लेख त्यांच्या हातात दिला. तो इंग्रजीत होता. ज्या नातीच्या बारशाला ते गेले नव्हते, तिने दोन ओळी वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हीच सांगा की मॅडम, काय लिवलंय,” ते म्हणाले.

तेव्हा मला मराठीत, त्यांच्या मुलीसमोर आणि नातीसमोर, सगळं सांगावं लागलं. की तुमचं वाचन बरोबर होतं. की तुम्ही दर वर्षी लिहून ठेवलं होतं. की मी तो रकाना सोडला, आणि नंतर वाचूनही गप्प बसले. मुलगी दारात उभी होती, ती चहाला आत गेली नाही. मल्लाण्णांनी लेखाची पानं सरळ केली आणि गुडघ्यावर ठेवली.

“बरोबर लिवलंय,” ते म्हणाले. “पर हे तवाच म्हणायचं हुतं, मॅडम. त्या आभाराच्या वक्ताला. मी तितंच मागं बसलो हुतो.”

मी हो म्हणाले. व्यासपीठावरून ते मला दिसत होते.